सल्फाची अंडी

शेषम्माने मागच्या खोलीची कडी काढली आणि ती उंबऱ्यातच थबकली. आत अंड्यांचा एकही ट्रे नव्हता.

मागच्या आठवड्यात तिच्या कोंबड्यांना सर्दीची साथ आली होती. डोळे सुजले, नाकं गळू लागली. जनावरांचे डॉक्टर वैद्यनाथ यांनी पाण्यातून द्यायला सल्फाचं औषध दिलं आणि बजावलं, "औषध अंड्यात उतरतं, अम्मा. औषध बंद केल्यावरही दहा दिवस अंडी विकू नका. सल्फा न सोसणारं माणूस असेल तर भलतंच होऊन बसेल." म्हणून तिने ती अंडी वेगळी रचून ठेवली होती.

"रघोजी! इथली अंडी कुठे गेली?"

तिचा भाचा रघोजी पाण्याची भांडी धूत होता. "सकाळच्या बसने तंजावूरला. मुलींच्या हॉस्टेलवरून बूथवर दोनदा फोन आला, आत्या. नामक्कलच्या मोठ्या पोल्ट्र्यांच्या गाड्या आता दारापर्यंत येतात. आपण एक दिवस चुकलो की गिऱ्हाईक गेलंच."

"अरे, मी नको म्हटलं होतं ना?"

"अंडी चांगली दिसत होती. कुणाला काय कळणार?"

शेषम्मा त्याच्याशी वाद घालत बसली नाही. गावातल्या, पापनाशमच्या एसटीडी बूथवरून तिने तीनदा हॉस्टेलचा नंबर फिरवला. तिन्ही वेळा लाइन बिझी. शेवटी समोर आलेल्या तंजावूरच्या बसमध्ये ती तशीच चढली. वाटेत एका रेल्वे फाटकापाशी बस खोळंबली, तेव्हा उतरून धावत सुटावं असं तिला वाटलं.

ती पोहोचली तेव्हा हॉस्टेलात पहिली पंगत उठून गेली होती. दुसरीच्या ताटांत भात आणि अंड्याचं आंबट कालवण, कुळंबू, वाढलं जात होतं. वॉर्डन सुंदरी दारातच भेटल्या.

"वाढणं थांबवा, अम्मा. अंड्यांत औषध आहे. चूक माझ्या घरची आहे."

सुंदरींचा चेहरा उतरला. "हळू बोला! पहिल्या पंगतीतल्या मुली धडधाकट फिरताहेत."

"फिरू देत. पण सल्फाची गोळी कुणाला सोसत नाही, तेवढं विचारा."

वॉर्डननी वाढणं थांबवलं आणि काहीशा नाराजीनेच विचारलं. कोपऱ्यातली एक मुलगी अर्धवट उभी राहिली. तिचं नाव जननी. तिच्या ताटात अर्धंच अंडं उरलं होतं. "मला, मॅडम. लहानपणी गोळी घेतली तेव्हा तोंड सुजलं होतं."

 शेषम्मा तिच्याजवळ गेली आणि तिचा हात धरून बसली.  तासाभराने जननी मान खाजवू लागली. बघता बघता मानेवर लाल गांधी उठल्या, ओठ जड झाले.

"अक्का, घसा आवळल्यासारखा वाटतोय."

मग कुणीही वेळ घालवला नाही. ऑटोत सुंदरी पुढे, मागे शेषम्माच्या मांडीवर मुलीचं डोकं. "श्वास घे, कण्णे. हळू घे," एवढंच ती म्हणत राहिली. दवाखान्यात इंजेक्शन टोचलं. अर्ध्या तासाने जननीने पाणी मागितलं, तेव्हा शेषम्माने पेला तिच्या ओठांना लावला.

डॉक्टर म्हणाले, "अंड्यामुळेच झालं, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण वेळेवर आणलीत."

बाहेर आल्यावर सुंदरी म्हणाल्या, "उद्यापासून तुमची अंडी नकोत."

"बरोबर आहे."

"तुम्ही आला नसता तर आम्ही उन्हाचं पित्त समजून तिला खोलीत झोपवलं असतं." एवढं बोलून त्या आत वळल्या.

संध्याकाळी पापनाशमला रघोजी बसथांब्यावर उभा होता. "हॉस्टेल गेलं ना?" त्याने विचारलं.

"गेलं. आणि एक पोरगी जाता जाता वाचली." तिने जननीच्या सुजलेल्या ओठांचं, घशाचं, सगळं सांगितलं. एक अक्षरही गाळलं नाही.

 घरी पोचल्यावर रघोजीने दुपारची अंडी गोळा केली, नारळीच्या बुंध्याशी खड्डा खणला आणि एकेक अंडं फोडून आत टाकू लागला. शेषम्मा पदर खोचून त्याच्या शेजारी बसली.