लगाम कोणी धरायचा

मेहुणा गजेंद्र पुण्याहून आला की समरजितला स्वतःच्याच घरात कोणी विचारत नसे. गजेंद्र कित्येक वर्षं रेसचा जॉकी होता. आता निवृत्त झाला, तरी गळ्यातली साखळी आणि तोंडातल्या गोष्टी तशाच चमकत होत्या. यंदा तर भाच्याचं, म्हणजे कुणालचं लग्न. मामा आठवडाभर आधीच समरजितच्या हरणी भागातल्या फ्लॅटवर येऊन ठाण मांडून बसला.

सकाळी सेव-उसळीच्या ताटल्या घेऊन सगळे त्याच्याभोवती जमले. "शेवटच्या वळणापर्यंत घोडा मी मुद्दाम मागे ठेवला," गजेंद्र सांगत होता, "दम राखून. मग असा काढला की पुढचे बघत राहिले!" कुणालचा घास हातातच राहिला.

समरजितला ते बघवेना. गोरवा भागातल्या कारखान्यात त्याचा जन्म लेथवर गेलेला. मशीन चांगलं तर माल चांगला, एवढंच त्याला माहीत. "घोडा पळतो," तो म्हणाला. "तू नुसता वर बसतोस. रिक्षात बसलेला माणूस मी रिक्षा चालवली म्हणतो का?"

"मग दाजी, तोच घोडा एका जॉकीखाली सातवा येतो आणि दुसऱ्याखाली पहिला, ते कसं?"

"पाठीवर वजन कमी दिलं असेल. नाहीतर बाकीचे घोडे मरतुकडे असतील."

"बाबा, जवा दो ने, जाऊ द्या!" कुणाल हसला. "मामांना शिकवताय? तुम्ही घोड्यावर बसलायत तरी का कधी?"

बायको मंदाही हसली. तिचं हसणं समरजितने गिळलं, पण पोराचं फार झोंबलं. लहानपणी हा तापाने फणफणायचा तेव्हा उशाशी कोण बसायचं? आणि हा गजेंद्र वर्षातून दोनदा उगवणार आणि पोराला खिशात घालून जाणार! त्यात कुणाल म्हणाला, "मामा, वरघोड्याची वरात निघेल तेव्हा माझ्या घोडीचा लगाम तुम्हीच धरा हां."

"लगाम मी धरणार. नवरदेवाचा बाप आहे मी." समरजितचा आवाज चढला.

लग्नाच्या दिवशी त्याने घोडीवाल्यालाही मागे पिटाळलं आणि लगाम मुठीत घट्ट आवळून धरला. फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच फोटोवाल्याचा ड्रोन घरघरत डोक्यावर आला आणि घोडी बिथरली. समरजितने लगाम ओढला. ती मागे सरली. त्याने आणखी ओढला, ती आणखी मागे, मागे चालणाऱ्या बायकांच्या अंगावर. आरडाओरडा झाला. कुणालने एका हाताने तलवार सावरत दुसऱ्याने खोगीर पकडलं.

"मामा!" तो ओरडला.

मामा! बाप हातभर अंतरावर उभा असताना.

गजेंद्र धावत आला, पण लगामाला त्याने हात लावला नाही. समरजितच्या खांद्यावरचा शेला नीट करायच्या निमित्ताने वाकून तो पुटपुटला, "दाजी, ओढू नका. सैल सोडा. तिच्याकडे बघू नका, पुढे बघून चाला."

समरजितला त्याचं ऐकायचं नव्हतं, पण वर पोरगा होता. त्याने मूठ सैल केली, रस्त्याकडे बघत पाऊल उचललं. घोडी फुरफुरली, तिने मान खाली घातली आणि मुकाट त्याच्यामागे चालू लागली.

टाळ्या पडल्या. "बघितलंत का आमच्या दाजींना!" सगळ्यात मोठ्याने गजेंद्रच ओरडला आणि बँडपुढे नाचायला निघून गेला.

कुणाल वरून वाकला. "बाबा, मी तर गेलोच होतो. तुम्ही होतात म्हणून!" त्याच्या चेहऱ्यावर तेच कौतुक होतं, जे आजवर फक्त मामाच्या वाट्याला यायचं. अरे, मी नाही, तुझ्या मामाने सांगितलं, असं समरजितच्या ओठांवर आलं. पण ते बोललं असतं तर कौतुकही तिकडेच गेलं असतं. त्याने नुसती मान डोलावली.

समोर गजेंद्र फेटा सावरत बेभान नाचत होता. एकदाही त्याने मागे वळून बघितलं नाही. समरजितला त्याचा इतका राग आजवर कधीच आला नव्हता.