मी वक्त्यांना थांबवणारी बेल

मी बेल बोलतेय. देवळातली नव्हे आणि सायकलचीही नव्हे. टेबलावर बसते ती, वाटीएवढी, पितळेची, डोक्यावर गुंडी असलेली. गुंडीवर हात पडला की मी ‘टिंग’ म्हणते. माझं शब्दभांडार तेवढंच. पण कान माझे तिखट आहेत, आणि लोक बेलीसमोर काहीही बोलतात, तिला काय कळतंय म्हणून. मला सगळं कळतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी धुळ्यात, आग्रा रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानात, काचेच्या कपाटात होते. तिथून टाचण्या, लाख आणि रजिस्टरांबरोबर मला एका सरकारी कचेरीत नेलं. कोणती कचेरी ते विचारू नका. खाल्लेल्या सरकारी मिठाला जागायचं असतं.

साहेबांच्या टेबलावर माझी जागा झाली. पुढच्या एकतीस वर्षांत त्या खुर्चीत अकरा साहेब बसले. कोणी तापट, कोणी झोपाळू, एक तर कविता करणारे. दाराबाहेरच्या स्टुलावरचा माणूस मात्र एकच. पितांबर. मी आले त्याच महिन्यात तोही नोकरीला लागला होता, त्यामुळे आम्ही दोघं एका बॅचचे.

आमची भाषा ठरलेली होती. एकदा टिंग म्हणजे पाणी. दोनदा टिंग म्हणजे चहा. तीनदा टिंग म्हणजे समोरचा पाहुणा उठायचं नाव घेत नाही, त्याला उठवा. हे तिसरं काम पितांबरने करावं आणि मी बघावं. तो आत यायचा, साहेबांकडे बघायचाही नाही. पाहुण्याच्या कोपराला दोन बोटं लावायचा आणि अगदी घरच्यासारखं म्हणायचा, “चला भाऊ, साहेबांना मीटिंग आहे. तुम्ही परत या.” पाहुणा व्हरांड्यात पोचल्यावर त्याला कळायचं की आपण बाहेर आलो. तरी कोणाला कधी राग आला नाही. उलट जाताना लोक त्याला राम राम करून जायचे.

पितांबर रिटायर झाला त्याच वर्षी टेबलावर विजेचं बटण आलं आणि मी मोडीत निघाले. तिथून मला पारोळा रोडवरच्या एका डॉक्टरांनी नेलं. दवाखान्यात माझं काम सोपं होतं. टिंग, पुढचा पेशंट. पेशंटांच्या मध्ये बाकावर एक तरतरीत तरुण बॅग मांडीवर घेऊन बसलेला असायचा. नाव नवीन. औषध कंपनीचा प्रतिनिधी. डॉक्टर त्याला दोन मिनिटं द्यायचे, आणि त्या दोन मिनिटांत तो औषधाचं नाव, गुण, डोस सांगून, एक पेन टेबलावर ठेवून मोकळा व्हायचा. इतकं नेमकं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण पुढे मला ते गिळावं लागलं.

डॉक्टरांनी नंबर दाखवणारा लाल दिवा बसवला आणि मी जळगावात चांदभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन पडले. दोन वर्षं एका बिनदांड्याच्या इस्त्रीशेजारी काढली. एक दिवस पदराने घाम पुसत एक मॅडम दुकानात आल्या.

“चांदभाई, भाषण करणाऱ्याला थांबवता येईल असं काही आहे का?”

चांदभाईंनी मला उचललं, कुडत्याला घासलं आणि म्हणाले, “मॅडम, ही सरकारी चीज आहे. वाजवून बघा. भले भले उठून जातील.”

या हेमांगी मॅडम. धरणगावच्या पुढे एक कॉलेज आहे, तिथे मराठी शिकवतात. दर वर्षी कॉलेजात शिक्षण आणि करिअर परिषद भरते. मागच्या वर्षी एका वक्त्याने पोरांना इतकं प्रोत्साहन दिलं की शेवटची एसटी निघून गेली. म्हणून यंदा मी.

हेमांगी मॅडमची परिस्थिती मला स्टाफरूममध्ये पहिल्याच दिवशी कळली. त्या तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे तास घेतला तर शिक्षक, नाहीतर कोणी नाही. दर जूनला नवी ऑर्डर मिळाली तर पुढचं वर्ष. अशी सात वर्षं झाली होती. प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, “परिषद नीट पार पडू द्या, मॅडम. मग जूनचं बघू.” त्या बाईने परिषदेचं सगळं अंगावर घेतलं, ते याच एका वाक्यापायी.

आणि पाहुण्यांचा परिचय लिहिण्यात तर त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. कोणी चोपड्याला आणि यावलला दोन भाषणं केली असतील, तर मॅडम लिहायच्या, ‘जिल्हाभर व्याख्यानांचा झंझावात’. कोणी बायकोबरोबर काठमांडूला जाऊन आला असेल, तर ‘आंतरराष्ट्रीय अनुभव’. खोटं एक अक्षर नाही, फक्त प्रत्येक अक्षराला फुगा बांधलेला. नवीन सरांचा परिचय मी टेबलावर बसून ऐकला. ‘आरोग्य आणि संवाद क्षेत्रातील दीर्घ वाटचालीनंतर युवकांना दिशा देणारे करिअर तज्ज्ञ.’ म्हणजे दवाखान्यातला बॅगवाला नवीन! मी हसले असते, पण माझं हसणं म्हणजे टिंग, आणि ते कोणीतरी हात लावल्याशिवाय येत नाही.

परिषद दोन दिवसांवर आली आणि नाशिकचे एक निवृत्त अधिकारी येणार नाहीत असा फोन आला. प्राचार्य म्हणाले, “प्रशासनातला माणूस पाहिजेच. फ्लेक्सवर तसं छापलंय.” मॅडमना आठवलं की त्यांच्याच गावात एक आजोबा आहेत, सगळे त्यांना कचेरीवाले नाना म्हणतात. त्यांनी फोन लावला.

“नाना, कचेरीत किती वर्षं होतात?”

“एकतीस.”

“मोठ्या साहेबांबरोबर काम केलं असेल?”

“अकरा साहेब व्हतात, बेटा. बठ्ठास्नी मीटिंग माहीत शे माले.”

सगळ्या साहेबांच्या मीटिंगा माहीत असलेला माणूस, मग भाषा अहिराणी का असेना! मॅडमचा चेहरा उजळला. कोणत्या पदावर होतात, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. आपल्याकडे रिटायर माणसाला पद विचारणं म्हणजे त्याची उंची मोजणं. कोणी विचारत नाही, चांगलं दिसत नाही. त्यांनी फोन ठेवला आणि कागदावर लिहिलं, ‘शासकीय कामकाजाचा तीन दशकांचा दांडगा अनुभव, अकरा वरिष्ठ अधिकाऱ्यांचे विश्वासू सहकारी, ज्येष्ठ प्रशासक मा. पितांबर नाना’. मी टेबलावर गार पडले. मला ओरडून सांगायचं होतं, अहो मॅडम, तो माझा पितांबर आहे! पण गुंडीला हात लागला नाही.

परिषदेच्या सकाळी मी मॅडमच्या उघड्या पर्समध्ये होते. फाटकात, नवं नाव चिकटवलेल्या फ्लेक्ससमोर कोणीतरी थांबलेलं होतं.

“हाई मी शे का, बेटा?” आवाज ओळखीचा होता.

“हो नाना, तुम्हीच. ज्येष्ठ प्रशासक.”

नानांनी स्वतःचं नाव परत एकदा वाचलं. मग टोपी सरळ करून आत आले. खोटं कशाला सांगू, त्यांना तो फ्लेक्स आवडला होता.

स्टेजवर प्राचार्य, नवीन सर आणि तिसऱ्या खुर्चीत नाना. मागे मोठ्या अक्षरांत ‘घडवा आपले भविष्य’. समोर चारशे पोरंपोरी आणि पहिल्या रांगेत दोन पत्रकार. मॅडम कडेच्या टेबलावर, मी त्यांच्या हाताशी. नवीन सरांना वीस मिनिटं दिली होती. चाळिसाव्या मिनिटाला ते यशाच्या सात पायऱ्यांपैकी तिसरीवर पोचले होते. मागची पोरं जांभया देत होती. नानांचा डोळा लागला होता. प्राचार्यांनी भुवया उडवल्या. मॅडमनी घाबरत मला एकदा वाजवलं.

नाना जागे झाले नाहीत, पण उठले. स्टेजवरचा पाण्याचा ग्लास घेतला, नवीन सरांसमोर ठेवला आणि परत येऊन बसले. पोरांना वाटलं, केवढा नम्र माणूस. नवीन सर पाणी प्याले आणि ताजेतवाने होऊन चौथ्या पायरीवर चढले. मॅडमनी दोनदा वाजवलं. नाना उठून इकडे तिकडे बघायला लागले. चहा काही दिसेना. शेवटी प्राचार्य दात ओठ खाताहेत हे बघून मॅडमनी डोळे मिटले आणि मला एकापाठोपाठ एक, तीनदा हाणलं.

मग काय विचारता! नाना थेट माइकपाशी गेले, नवीन सरांच्या कोपराला दोन बोटं लावली आणि म्हणाले, “चला भाऊ, साहेबांना मीटिंग आहे. तुम्ही परत या.” नवीन सर “हो का, बरं बरं” म्हणत चालायला लागले. माइक चालूच होता. सर स्टेजच्या पायऱ्या उतरून दारापाशी पोचले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपलं भाषण संपलं.

पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. शिट्ट्या, टाळ्या, बाकं वाजवणं. आणि नाना स्टेजच्या मधोमध, पूर्ण जागे, तोंडचं पाणी पळालेलं. मॅडम धावत त्यांच्याजवळ गेल्या. मी त्यांच्या मुठीतच होते.

“नाना, तुम्ही कचेरीत नक्की काय होतात?”

“शिपाई व्हतू, बेटा,” नाना हळूच म्हणाले. “माले कोनी इचारंच नई.”

तेवढ्यात प्राचार्य शेजारी आले. तोंडावर हसू ठेवून, ओठ न हलवता म्हणाले, “पत्रकार बसलेत. कागदावर आहे तेच वाचा. जूनचं लक्षात आहे ना?”

मॅडम माइकसमोर आल्या. एका हातात कागद, दुसऱ्या हातात मी. त्यांनी वाचायला सुरुवात केली, “आपले पुढचे वक्ते, शासकीय कामकाजाचा...” आणि थांबल्या. मला खरंच भीती वाटली. सात वर्षं सगळ्यांच्या अक्षरांना फुगे बांधलेल्या बाईने आणखी एक बांधला असता तर कोणाचं काय बिघडत होतं?

“हा परिचय मी लिहिलाय, आणि तो चुकीचा आहे,” त्या म्हणाल्या. “चूक माझी, नानांची नाही. पितांबर नाना एकतीस वर्षं शिपाई होते. आत्ता तुम्ही त्यांचं काम पाहिलंत.”

मग अशा टाळ्या पडल्या की मला माझा आवाज फिका वाटला.

नाना सहा मिनिटं बोलले. “अर्ज लिखा तं खाले तारीख टाका. जेन्ही जोडे काम शे त्याना दारवर जो बसेल शे, त्याले पहिले नाव इचारा. साहेब बदली जास, तो बदलस नई.” दारावर बसलेल्या माणसाला आधी नाव विचारा इथपासून ते कोणत्या खिडकीवर कोणता दाखला, कोणत्या दिवशी गर्दी नसते, सगळं सांगितलं. पोरं चक्क वहीत लिहून घेत होती. मागून एका मुलीने विचारलं, “नाना, शिपाई म्हणून कधी लाज वाटली का?”

“आजच वाटनी,” नाना म्हणाले. “भाहेर बोर्डवर मन्ह नाव वाचं. आवडनं. आनि मी गप बसनू.”

मग ते वळले. “बठ्ठास्ना परिचय व्हयना. या मॅडमना कोनी कया नई. तुम्ही काय शेतस, मॅडम? पर्मनंट?”

माइक जवळ होता. मॅडम म्हणाल्या, “नाही नाना. मी तासिका तत्त्वावर आहे. सात वर्षं. या जूनची ऑर्डर अजून नाही.”

चारशे पोरांनी इतकी वर्षं त्यांना मॅडम म्हटलं होतं आणि एकालाही हे माहीत नव्हतं. प्राचार्य पुष्पगुच्छातली फुलं निरखून बघत होते. माझ्या पितळी जन्मात मला पहिल्यांदा रडू आलं.

परिषद संपली, मी कॉलेजच्या सामानात जमा झाले आणि सध्या प्राचार्यांच्या टेबलावर असते. परिषदेचा अहवाल मॅडमनी तिथेच आणून दिला. वक्त्यांची माहिती त्यात अशी: ‘नवीन सर, करिअर मार्गदर्शक, पूर्वी औषध कंपनीचे प्रतिनिधी’. हे सरांनी स्वतः फोन करून घालायला सांगितलं, बरं का. ‘पितांबर नाना, निवृत्त शिपाई’. आणि सगळ्यात खाली, ‘सूत्रसंचालन: प्रा. हेमांगी, तासिका तत्त्वावर, सात वर्षे’.

प्राचार्यांनी ती शेवटची ओळ लाल पेनाने खोडली. मॅडमनी अहवाल नव्याने टाईप करून आणला. ओळ होती तिथेच होती. त्यांनी परत खोडली. मॅडमनी परत आणला. तिसऱ्यांदा प्राचार्यांनी लाल पेन खाली ठेवलं आणि निळं उचललं. मग अहवालावर सही केली. ड्रॉवरमधून एक कागद काढून त्यावरही केली आणि मॅडमकडे सरकवला. जूनची ऑर्डर होती. तासिका तत्त्वावरचीच.

मॅडमनी ती घडी करून पर्समध्ये ठेवली. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, “थँक यू, सर. पुढच्या वर्षीच्या अहवालात आठ वर्षे लिहीन.”

प्राचार्यांनी लाल पेन ड्रॉवरमध्ये टाकलं.

मंडळी, तुमच्या गावातही अशा परिषदा भरत असतील. वक्त्यांचे परिचय ऐका, हवे तर टाळ्या वाजवा. पण जी बाई माइकसमोर उभी राहून ते वाचत असते, तिच्याजवळ जाऊन एकदा तरी विचारा, मॅडम, तुमचं काय? मला ते विचारता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.