डाव्या हाताचा मुलूख

मिशिगनच्या माणसाला गाव विचारा, तो उजवा पंजा वर करून त्यावर बोट टेकवतो. राज्याचा आकारच तसा. सामुद्रधुनीवरच्या लांब पुलापलीकडचा उत्तरेचा तुकडा दाखवायचा तर त्याच्या वर डावा पंजा आडवा धरावा लागतो. इतके कष्ट दक्षिणेतली मंडळी सहसा घेत नाहीत. मिशिगन तळं बिचारं अडाणी, ते दोन्ही तुकड्यांना सारखंच भिजवतं.

हेल्मी लाहती त्या विसरलेल्या तुकड्यातली. नवरा गेल्यापासून त्याची मासेमारीची बोट शेडमध्ये पडून होती. शेजारचा लेस्टर ती विकत मागून मागून थकला. "लग्न झालं की माझा आरो परत येतोय, बोट तोच चालवणार," असं ती त्याला दर वेळी ऐकवायची. मुलानं तसा शब्दच दिला होता.

आज आरोच्या साखरपुड्याचं जेवण व्याह्यांकडे, दक्षिणेत ग्रँड हेवनला होतं. हेल्मीनं मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी भाजल्या, टॉवेलात गुंडाळल्या आणि पूल ओलांडून 'पुलाखालच्या भुतांत' उतरली. दक्षिणेतल्यांना तिच्या गावात प्रेमानं असंच म्हणतात.

"या विहीणबाई!" व्याही हार्व्ह दारातच गरजले. "तुमच्याकडचा बर्फ वितळला का?"

"जून चालू आहे, हार्व्हराव."

"म्हणून तर विचारलं!" ते एकटेच हसले. "आमचं तळं पाहिलंत का येताना?"

"पाहिलं की. तुमचं वापरून झालं की आमच्याच दाराशी येतं ते."

आरो गालात हसला. हेल्मीला बरं वाटलं. पोरगा अजून आपलाच आहे.

पेस्टी वाढल्या आणि व्याह्यांनी कौतुकानं ग्रेव्हीचं भांडं पुढे सरकवलं. पेस्टीवर केचप सोडून ग्रेव्ही ओतणं ही खास पुलाखालची खोड. आरो लहानपणी त्या नुसत्या कल्पनेनं तोंड वेंगाडायचा. हेल्मीनं पर्समधून केचपची बाटली काढली. स्वतःची न्यायची रीतच होती तिची.

तेवढ्यात मुलीच्या टेक्सासहून आलेल्या मामांनी विचारलं, "काय जावईबापू, तुम्ही मूळचे कुठले?"

आरोनं उजवा पंजा वर केला. ब्रूकनं, त्याच्या होणाऱ्या बायकोनं, करंगळीच्या खाली पंजाच्या कडेला, ग्रँड हेवनच्या जागी, बोट टेकवलं.

"इथला," आरो म्हणाला.

हेल्मी डाव्या पंजाची वाट बघत राहिली. तो काही वर आला नाही. तो डावा हात आरोच्या स्वतःच्या पेस्टीवर ग्रेव्ही ओतत होता.

"आई, तुला केचपच ना?"

हेल्मीनं बाटली पुन्हा पर्समध्ये टाकली.

"ग्रेव्हीच घाल," ती म्हणाली. "आणि हे बघ, बोट मी लेस्टरला देऊन टाकते."

"बरं झालं," आरो म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडलेला सगळ्या टेबलाला दिसला. "तुला कसं सांगावं, तेच कळत नव्हतं."