सोफ्यावरचे दिवे

सोनियाचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे, म्हणजे हर्सूलच्या घरी होणार हे ठरलं आणि तिच्या पप्पांच्या अंगात घर सजवायचं वारं शिरलं. पोरगी वैजापूरहून येणार, तिच्या सासरची माणसं येत-जात राहणार, आणि हॉलच्या भिंतीवर तीच जुनी ट्यूब! ते त्यांना बघवेना. आधी छताला पीओपी झालं, मग आम्ही दोघं दिवे घ्यायला गुलमंडीच्या बाजारात गेलो.

दुकानदारानं एका फळीवर छतात बसवायचे तीन डाऊनलाइट लावून ठेवले होते. एक पिवळसर, एक पांढराशुभ्र आणि एक मधला. मी त्यांच्याखाली हात फिरवत राहिले. एकाच हातातल्या त्याच हिरव्या बांगड्या, पांढऱ्या दिव्याखाली हिरव्यागार आणि पिवळ्याखाली मेंदीच्या रंगाच्या दिसत होत्या.

"अहो, हे बघा तरी, असं कसं होतंय?"

"करुणा, आपल्याला दिवे घ्यायचेत, बांगड्या नाय," सोनियाचे पप्पा म्हणाले आणि त्यांनी पिवळे दिवे बांधायला सांगितले. हॉटेलात असतात तसे. मला मात्र एखादी गोष्ट अशी का होते ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्या या खोडीला घरात सगळे वैतागलेत.

दिवे बसवायला बन्सी आला. आमचे साहेब सोफ्यावर ऐसपैस बसले आणि तिथूनच बोट दाखवत गेले, इथं एक, तिथं एक. बन्सीनं सोफ्याच्या बरोबर वर सरळ ओळीत खुणा केल्या, कटरनं गोल भोकं पाडली, दिव्यांच्या स्प्रिंगा दाबून ते वर सरकवले आणि शेवटी ट्यूब काढून टाकली. बटण दाबलं आणि हॉल खरंच देखणा दिसायला लागला. शेजारची मोनिका तर बघायला मुद्दाम आली.

माझ्या सासूबाई, चंपाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्यांचं मात्र दिव्यांकडे लक्षच नव्हतं. सोनियाच्या बाळासाठी त्यांनी गोधडी शिवायला घेतली होती. त्यांच्याच जुन्या पांढऱ्या लुगड्याची, निळ्या काठाची. दिवसा त्यांचा पाय एका जागी ठरत नाही. गोधडी संध्याकाळची, टीव्ही बघता बघता. त्यांचा धावदोरा इतका बारीक, की सोयगावच्या आमच्या भावकीत बाळ कुणाचंही असो, गोधडी आत्याबाईंची असते.

चार-दोन संध्याकाळी त्या शिवत बसल्या. मग एकदा सकाळी त्यांनी गोधडी अंगणात उलगडली आणि बघतच राहिल्या. निळ्या काठावर त्यांनी काळ्या दोऱ्यानं टाके घातले होते. तेही वेडेवाकडे. त्यांनी गोधडीची वळकटी केली, पलंगाखाली सारली आणि आपली सुयांची डबी माझ्या हातात दिली.

"घे. आता तुझी. माझे डोळे गेले."

आमच्यात सासूची डबी सुनेकडे येते ती सासूचा हात थांबल्यावरच. त्यांच्या सासूनं ती दिली, त्यानंतर तिनं पुन्हा टाका घातला नाही. मला तर साधं बटणही धड लावता येत नाही.

त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले, चष्म्याचा नंबरही पाहिला. आहे तोच ठीक आहे, काही झालेलं नाही, म्हणाले. रिक्षात मी आत्याबाईंना तेच पुन्हा पुन्हा सांगितलं.

"डॉक्टरला काय कळतंय? शिवायचंय मला," त्या म्हणाल्या. "मला नाय दिसत तर नाय दिसत."

झालं, माझी खोड जागी झाली. डोळे चांगले आहेत आणि दिसत नाही, हे दोन्ही कसं खरं असेल?

संध्याकाळी आत्याबाई गल्लीतल्या देवकी आजींकडे बसायला गेल्या, तेव्हा मी पलंगाखालून गोधडी काढली. निळं आणि काळं अशी दोन रिळं हॉलच्या दिव्याखाली धरली. मलाही ओळखू येईनात! स्वयंपाकघरात ओट्यापाशी पांढरी ट्यूब आहे, तिथं नेली तर निळं ते निळं, काळं ते काळं. मला बांगड्या आठवल्या. पण टाके का वाकडे जावेत?

मग डबीतली बारीक सुई घेऊन मी सोफ्यावर बसले. मांडीवर लख्ख उजेड. इथं तर सगळं दिसतंय की! पण आत्याबाई कुठं सोफ्यावर बसतात? त्याच कशाला, आमच्या घरात कोण बसतं? हौसेनं सोफा घेतला, आणि सगळे त्याला पाठ टेकून खाली बसतात. पाहुणा आला की तेवढ्यापुरतं वर. मी खाली सरकले, पाठ टेकली आणि गोधडीवर वाकले. माझ्या डोक्याची काळी सावली बरोबर सुईच्या टोकावर पडली. दोन टाके घालून पाहिले, पण डोकं हलवावं तर सावलीही हलायची. दिव्यांचा उजेड मागून, डोक्यावरून येत होता. आमच्या साहेबांनी अख्ख्या घराचा उजेड पाहुण्यांसाठी बसवला होता.

मी सुई तशीच गोधडीत खुपसून उठले आणि बन्सीला फोन लावला.

बन्सी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. "ओळीतला एक काढून पांढरा दुसरीकडं लावायचा, तर पाडलेलं भोक बुजवलं तरी डाग दिसणार," तो म्हणाला. ओळ मोडणार म्हणून सोनियाच्या पप्पांचा चेहरा उतरला. मी एवढंच विचारलं, "अहो, ओळ जपायची का आईचा हात?" त्यांनी उठून शिडी धरली.

मी आत्याबाईंना त्यांच्या जागी खाली बसवलं. "कशाला गं?" म्हणत बसल्या. बन्सीनं वायरला पांढरा दिवा जोडला आणि तो वर धरून हळूहळू सरकवत नेला. डोक्यावर, मग पुढे, मग डावीकडे, जिकडे ट्यूब होती तिकडे. मी गोधडी त्यांच्या मांडीवर पसरली.

त्या बोट काठावरून फिरवत राहिल्या. मग बन्सीकडे न बघताच म्हणाल्या, "थांब. तिथंच धर, लेकरा."

बन्सीनं तिथंच खूण केली. आत्याबाईंनी माझ्यापुढे हात पसरला.

"डबी आण माझी."

मी धावत जाऊन आणली. त्यांनी झाकण उघडलं, मग गोधडीत खुपसलेली सुई उपसली आणि उजेडात डोळ्यांसमोर धरली.

"ही बारीक सुई कुणी वाकवली? आन हे दोन टाके कुणाचे? माझे नायत हे. असले टाके घालतात व्हय? बाळाच्या अंगाला टोचतील ना!"

सासूच्या बोलण्यानं मला इतका आनंद आजवर कधी झाला नव्हता. माझे डोळे भरून आले. आत्याबाई माझे टाके उसवायला लागल्या होत्या.