वाक्य पुरं होईपर्यंत

मी ठेंगू बोलतोय. इकडे तिकडे बघू नका, खाली बघा. पोडियमच्या मागे, बोलणाऱ्याच्या पायाखाली जे बुटकं लाकडी स्टूल असतं ना, तेच मी. वर उभं राहून माणसं उंच दिसतात आणि नाव मात्र माझं ठेंगू पडलं. असो. जगाची रीतच आहे ती.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. कुणाच्या तरी दाराची फळी उरली होती, तिच्यातून त्याने मला कापलं, रंधा मारून गुळगुळीत केलं आणि चार पाय बसवले. खिळा एकही नाही, सगळे सांधे पाचर ठोकून घट्ट केलेले. मला वाटलं, कुणीतरी ऑर्डर दिली असेल. तसं काही नव्हतं. सुताराची बायको वाचनालयाच्या वरच्या सभागृहात संध्याकाळी बोलण्याचा वर्ग चालवायची. मुलाखतीत कसं बोलावं, सभेत कसं बोलावं, घरात न भांडता कसं बोलावं, सगळं शिकवायची. बाईंच्या जिभेला चांगली धार, पण उंचीच्या बाबतीत देवाने हात आखडता घेतलेला. पोडियममागे उभ्या राहिल्या की लोकांना फक्त कपाळ दिसायचं.

सुताराने मला बाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि तो हात धुवायला निघून गेला.

"अहो, हे काय? कुणासाठी?" बाईंनी विचारलं.

"पोडियमला," तो आतून म्हणाला.

एवढंच. त्या घरात हे असंच चालायचं. बाई दोघांच्या वाटणीचं बोलायच्या आणि सुतार दोघांच्या वाटणीचं गप्प बसायचा. दुकानदाराशी बोलणं, पाहुण्यांची विचारपूस, शेजाऱ्यांशी हुज्जत, सगळं बाईंकडे. सुताराने वाक्य सुरू केलं रे केलं, की बाई ते पुरं करून टाकायच्या. "मला वाटतं, आज..." असं तो म्हणाला की बाई म्हणायच्या, "हो, आज लवकर जेवू या." तो मान डोलवायचा. खरं तर त्याला काय म्हणायचं असेल, ते त्याचं त्याला ठाऊक.

सभागृहात मात्र बाईंचा नियम एकदम उलटा होता. पहिल्याच दिवशी त्या माझ्यावर चढायच्या आणि सांगायच्या, "समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. अडखळला तर अडखळू द्या. त्याच्या तोंडात शब्द कोंबू नका." मग जोडीजोडीने बसवायच्या. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. ऐकणाऱ्याने काय ऐकलं ते आपल्या शब्दांत सांगायचं आणि विचारायचं, "असं म्हणायचंय का तुम्हाला?" बोलणाऱ्याने मान डोलवली, तरच स्वतःचं मत मांडायची परवानगी.

एकदा एक कापडदुकानदार आणि त्याचा धाकटा भाऊ अशी जोडी बसली. दुकानदाराच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आवरत नसे. धाकटा दुकानाबद्दल काहीतरी बोलला, आणि थोरल्याला ते परत सांगायची वेळ आली. त्याने चारदा सांगितलं, चारही वेळा धाकट्याने मान हलवून नाही म्हटलं. "अरे, मग म्हणायचंय तरी काय तुला?" दुकानदार वैतागला. धाकटा म्हणाला, "दादा, हे तू मला आज पहिल्यांदा विचारलंस." पुढे दोघे भाऊ दर वर्षी न चुकता येत राहिले.

मी मात्र माणसं पायांवरून ओळखायचो. वर आवाज खणखणीत आणि खाली गुडघ्यांची वाजंत्री, असे कित्येक जण पाहिले. एक बस ड्रायव्हर होता. घाटात अवजड गाडी वळवणारा माणूस, पण माझ्यावर उभा राहिला की त्याच्या पायांचा थरकाप माझ्या सांध्यांपर्यंत पोचायचा. बाई त्याला म्हणायच्या, "घाई नको. दोन्ही पाय नीट टेकव. एकच ओळखीचा चेहरा शोध आणि त्याच्याशी बोल. मध्ये थांबलास तर बिघडत नाही, लोकही तेवढ्यात श्वास घेतात." हळूहळू त्याचे पाय शांत झाले. त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की पाय असते तर नाचलो असतो. म्हणजे पाय आहेत, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय.

वर्ग सुटला की सुतार सायकल घेऊन बाईंना न्यायला यायचा. बाई माझ्यावरून उतरून बाजूच्या दारातून बाहेर जायच्या, तेव्हा तो दाराशी उभा असायचा. "अहो, सगळं गाव येतं माझं ऐकायला. तुम्ही एकदा तरी आत येऊन ऐकलंत का?" बाई कुरकुर करायच्या. सुतार सायकलचं स्टँड काढायचा. बाईंना ते लागायचं. तोंडाने म्हणायच्या, "तुम्हाला काय कळणार म्हणा त्यातलं," पण आवाज जरा उतरलेला असायचा. मला तो ऐकू यायचा.

वर्षं गेली. माझ्या कडा झिजल्या, पाठीवर टाचांचे चट्टे पडले. बाईंचे केस पिकले. आणि एका सकाळी सुताराला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालावं लागे, आणि शब्द आत कुठेतरी अडकले. डॉक्टर म्हणाले, "शब्द गेलेले नाहीत, बाहेर यायला वेळ लागतोय. रोज बोलतं करा त्यांना. बोलायचं सोडलं तर मात्र अवघड होईल."

बाईंनी मला सभागृहातून घरी आणलं. सुताराच्या पायांचा व्यायाम घ्यायला, मोजे घालायला त्यांना बुटकी बैठक लागायची. असा मी पहिल्यांदाच त्या घरात राहायला गेलो. बाईंनी सेवेत काडीची कसर ठेवली नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी तिथेच पाहिला.

सुतार म्हणायचा, "मला... ज..." बाई लगेच म्हणायच्या, "जेवायचंय? वाढते हं." तो मान हलवायचा. "मग झोपायचंय? खिडकी उघडू? रेडिओ लावू?" प्रश्नांची अशी सरबत्ती, की बिचाऱ्याचा ओठांशी आलेला शब्दही पळून जायचा. मग तो डोळे मिटून घ्यायचा, आणि बाई पांघरूण सारखं करून म्हणायच्या, "दमलात. पडा जरा." दिवसेंदिवस त्याचं "मला" म्हणणंही कमी होत चाललं.

लेक रोज कामावरून येताना डोकावून जायची. तिने एकदा धीर करून सांगितलं, "आई, बाबांना बोलू दे ना तू."

"मी बोलू देत नाही? अगं, मी अख्ख्या गावाला बोलायला शिकवलं!"

"हो ना. मी तेच म्हणतेय."

बाई तिथून उठून गेल्या. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज मात्र बराच वेळ येत होता.

अशातच माझ्या मागच्या डाव्या पायाची पाचर सैल झाली. वय झालं, दुसरं काय! बाई माझ्यावर बसल्या की मी करकरायचो. बाईंना ते ऐकू येत नसे, पण सुताराचे कान लाकडाला सरावलेले. पहिल्याच करकरीला त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि आमच्या दोघांच्याही मनात एकच धास्ती बसली. वर्गाचा मोठा कार्यक्रम जवळ आला होता. सभागृहाचं व्यासपीठ उंच, समोर नुसती फरशी. बाई मला तिथे नेणार, नेहमीसारख्या माझ्यावर उभ्या राहून पुढे वाकून बोलणार. बोलताना पुढे वाकायची त्यांना खोडच होती. माझा पाय निसटला तर त्या वयात बाईंचं काय व्हायचं?

मला वाचा नाही. त्याला होती, पण बाहेर पडेना. तो डाव्या हाताने खाली माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "त्या... त्याचा..." आणि बाई म्हणायच्या, "चप्पल? सरकवते हं." "नाही... त्या..." "मोजा टोचतोय? थांबा, उलटा घातला वाटतं." एकदा तर त्याने रागाने पायानेच मला ढकललं. बाईंनी मला उचलून पुन्हा होतं तिथे ठेवलं आणि म्हणाल्या, "चिडू नका हो. बरं वाटेल." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी लाकूड, मला रडता येत नाही. तेव्हा पहिल्यांदा त्याचं वाईट वाटलं.

त्यानंतर त्याने माझ्याकडे बोट दाखवणंही सोडलं. कशाकडेच दाखवेनासा झाला.

मग एक गंमत घडली. कार्यक्रमाच्या भाषणाचा सराव करून करून बाईंचा घसा बसला. साधासुधा नाही, पार. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि हुकूम सोडला, "आठवडाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजही नको. नाहीतर कार्यक्रम विसरा." बाईंना मौन! ही शिक्षा ऐकून वाचनालयाच्या पायऱ्यासुद्धा हसल्या असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी गॅसवर दूध ठेवलं आणि मोजे घेऊन माझ्यावर बसल्या. मी करकरलो. मुद्दाम जरा मोठ्याने करकरलो, असं म्हटलं तरी चालेल. सुतार हलला.

"त्या... त्याचा..."

बाईंनी सवयीने तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. त्यांनी तोंड मिटलं. हातातला मोजा मांडीवर ठेवला आणि त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

सुतारही गोंधळला. प्रश्नांची सरबत्ती येईल म्हणून तो थांबला होता, ती आलीच नाही. नळ ठिबकत होता. त्याने ओठ हलवले, पुन्हा मिटले.

"मा... मागचा..."

तेवढ्यात आत दूध वर आल्याचा सूं सूं आवाज झाला. बाई अर्ध्या उठल्या. उठताना सुताराच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सापडलेला शब्द धरून ठेवायला तो घामाघूम झाला होता. बाई परत खाली बसल्या. दूध उतू गेलं. करपल्याचा वास सगळ्या घरात पसरला. बाई बसूनच होत्या.

"डावा... पाय..." त्याने बोट माझ्याकडे केलं. "हलतोय."

बाईंनी खाली वाकून माझा पाय धरला आणि हलवून पाहिला. मग त्याच्याकडे बघून भुवया उंचावल्या. तोंडाने बोलायची बंदी होती, पण मला तो प्रश्न पाठ होता. असं म्हणायचंय का तुम्हाला?

त्याने मान डोलवली. पण वाक्य अजून संपलं नव्हतं.

"तू..." तो म्हणाला, आणि पुढचा शब्द यायला फार वेळ लागला, "...पडशील."

बाईंनी त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि आवाज न करता रडल्या. त्याने डावा हात त्यांच्या केसांवर ठेवला. किती दिवसांपासून तो हे सांगत होता आणि आपण त्याला मोजे घालत होतो, हे त्यांना कळलं होतं. मग त्या उठून गॅस बंद करायला गेल्या. भांडं पुढे टाकूनच द्यावं लागलं.

दुपारी माझं ऑपरेशन झालं. डावा हात सुताराचा, उजवा बाईंचा. त्याने पाचर धरली, बाईंनी हातोडी मारली, पहिलाच घाव त्याच्या अंगठ्याला लागता लागता राहिला. "हळू," तो म्हणाला. हा शब्द लगेच आला, बघा. बाई आवाज न करता हसल्या. घसा बरा झाल्यावरही बाई त्याच्यासमोर बसल्या की आधी तोंड मिटून घ्यायच्या. दर वेळी जमायचंच असं नाही. कधीकधी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवावा लागायचा.

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं. दोन्ही दुकानदार भाऊ पुढे, ड्रायव्हर मागे, लेक बाबांच्या शेजारी. बाई माझ्यावर उभ्या राहिल्या. मी तसूभर हललो नाही. त्या थोडंच बोलल्या. मग म्हणाल्या, "यांनाही आज एक वाक्य बोलायचंय. काय, ते मला ठाऊक नाही. नियम तुम्हाला ठाऊक आहे."

ड्रायव्हरने आणि लेकीने सुताराला धरून वर आणलं. खुर्चीवर बसवलं. त्याचे पाय खाली पोचेनात, म्हणून बाईंनी मला त्याच्या पायांखाली सरकवलं. ज्याने मला घडवलं त्याचे पाय माझ्यावर पहिल्यांदाच आले. उजवा जड होता, डावा थरथरत होता. मनात म्हटलं, बाबा, टेकव नीट. मी आहे.

"मी..." तो म्हणाला, आणि थांबला.

सभागृह थांबलं. कापडदुकानदाराचे ओठ हलू लागले, शब्द द्यायला तो अगदी शिवशिवत होता. धाकट्याने त्याच्या मांडीवर हात ठेवला.

"मी... तिला... न्यायला... यायचो."

कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली. बाईंनी हात वर केला. टाळी तिथेच विरली. त्या सुताराच्या पायांकडे बघत होत्या. त्यांनाही माझ्याइतकंच कळत होतं, पाय अजून उठायला तयार नव्हते, म्हणजे वाक्य अजून बाकी होतं.

"लवकर... यायचो." मोठा श्वास. "दाराबाहेर... उभं राहून... ऐकायचो." आणि मग, सगळ्यात उशिरा, "रोज."

बाजूचं दार तेव्हाही अर्धवट उघडंच होतं. बाईंनी त्या दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. सगळ्या गावाला वाटलं, आता बाई बोलणार, आता भाषण होणार. बाई खुर्चीजवळ खाली बसल्या, अगदी माझ्या शेजारी, आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"रोज लवकर यायचात. दाराबाहेर उभं राहून माझं ऐकायचात. असं म्हणायचंय का तुम्हाला?"

सुताराने मान डोलवली.

आता नियमाने बाईंची पाळी होती. पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. ओठ हलले, पुन्हा मिटले. आणि सुतार, तोंडात अर्धे शब्द असलेला तो माणूस, त्यांच्याकडे बघत शांत बसून राहिला. त्याला मुळीच घाई नव्हती.

आता माझा मुक्काम त्यांच्याच घरी असतो. सकाळी मोज्यांना, संध्याकाळी बाईंसोबत वर्गाला. झिजलोय, पण चारही पाय घट्ट आहेत. तुम्हाला एकच सांगतो, खालून बघणाऱ्याचं म्हणून ऐका. तुमच्या घरात कुणी "मला..." म्हणून अडकलं, तर बसा त्याच्यासमोर. एखादं भांडं करपलं तर करपू द्या.