डच कपाटावरची फुलं

जुन्या डच फर्निचरचं वेड शहाण्या माणसाने लावून घेऊ नये. आम्ही दोघांनी लावून घेतलं. ठाण्याच्या आमच्या दोन खोल्यांत एक डच खुर्ची आहे, तिच्यावर कोणी बसायचं नाही असा नियम आहे. तिच्या पाठीवर ट्यूलिप आहे. निरनिराळ्या झाडांच्या लाकडाच्या पातळ चकत्या कापून, एकीला एक भिडवून ते बसवलंय. पाकळीची कड सावळी दिसावी म्हणून कारागिराने ती चकती तापलेल्या वाळूत धरून भाजलेली. असलं काम दिसलं की देवयानी, माझी बायको, जेवण विसरते.

कोलशेतच्या दाजी कोळ्यांकडचं कपाट तिला मासे घ्यायला गेली असताना दिसलं. दोन्ही दारं भरून तशीच फुलं, मध्ये पोपट. दाजींच्या आजोबांना ते कुठल्याशा साहेबाच्या बंगल्याच्या लिलावात मिळालेलं. दाजींची बायको मनुबाई त्यात लुगडी ठेवायची, आणि द्यायला साफ नकार. आम्ही वर्षानुवर्षं पापलेटाच्या निमित्ताने कपाट बघून यायचो.

आता देवयानीची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिचा एकच हट्ट होता: पूर्ण अंधार व्हायच्या आत ती फुलं रोज बघायची. मनुबाई गेल्यावर मी लाज गुंडाळून दाजींकडे गेलो, चक्क हात जोडले.

"वहिनींसाठी ना? न्या," दाजी म्हणाले. "पण आठवडाभर थांबा."

आठवडा कशाला, हे विचारायचंही मला सुचलं नाही, इतका मी हरखलो होतो.

आज टेम्पो घेऊन गेलो. देवयानी रिक्षातून उतरतेय तोवर मी घाईने आत शिरलो आणि जागीच थिजलो. कपाट चकचकीत तपकिरी झालं होतं. वरून खालपर्यंत नुसतं तपकिरी.

"कसं झालंय?" दाजींचा चेहरा फुललेला. "नारळी पुनवेआधी होडी घासतो ना आमी, तसंच घासलं. मशीन लावली, मग वार्निश. दुसऱ्याच्या घरी जानारी वस्तू कळकट कशी धाडायची? वरचे तुकडे तसेपन सुटायला लागलेले, सगले काढून टाकले."

वार्निश उतरवता आलं असतं. पण ती फुलं म्हणजे नखाएवढ्या जाडीचं लाकूड, मशीनपुढे काय टिकणार? दाजींची गचांडी धरावी असं वाटलं मला. आणि त्यांच्या तळहातांवर फोड आलेले दिसत होते.

तेवढ्यात देवयानी भिंत धरत आत आली. थेट कपाटाला जवळजवळ नाक लावून उभी राहिली. मान तिरकी करून एक दार पाहिलं, मग दुसरं. पदराने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग तिने माझा हात घट्ट धरला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मला एकही फूल दिसत नाहीये. गेले का हो माझे डोळे?"

दाजी गोंधळून माझ्याकडे बघत होते. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"डोळे नाही गेले. फुलं गेली," मी म्हणालो. "दाजींनी घासून टाकली. एकही उरलं नाही."

"म्हणजे दिसतंय मला!" ती सुटल्यासारखी मोठ्याने हसली. दाजींच्या जिवात जीव आला, तेही हसले. मग मी काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं, आणि त्या गुळगुळीत दारावर दोन्ही हात टेकून ती लहान मुलीसारखी रडायला लागली.