पहारेकऱ्याच्या हातचं जेवण

बटणांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये मावशी सव्वीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. तशा त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. पण एकशे चाळीस माणसं त्यांना मावशी म्हणत, आणि ताटात काही टाकलं की सख्ख्या भाच्यासारखी बोलणीही खात.

नव्या मॅनेजरसाहेबांना परीक्षा घ्यायची भारी हौस. मशीनवाल्यांची झाली, मग कँटीन का सुटावं? त्यांनी एक टॅबलेट आणला. त्यात स्वयंपाकाचा गेम होता. पडद्यावर बोट ओढून बटाटा सोलायचा, टिचकी मारून अंडं फोडायचं, बोट गोल गोल फिरवून भाजी ढवळायची. एकेक काम दहा सेकंदांचं. शेवटी उंच टोपीवाली एक बाई येऊन पदक द्यायची.

"कुणीही खेळा," साहेबांनी जाहीर केलं. "पहिला येईल त्यानं शुक्रवारचं जेवण करायचं."

मावशींनी एप्रनला हात पुसून बोट ओढलं. बटाटा ढिम्म. गरम पातेली उचलून उचलून त्यांच्या बोटांची कातडी इतकी राठ झाली होती की ती बोटं आहेत हेच पडद्याला कळेना. त्यांनी जोर लावला.

"मावशी, काच फुटेल!" साहेब ओरडले.

काच वाचली, पण अंडं फुटलं ते पडद्यातल्या ओट्यावर. टोपीवाली गोड आवाजात म्हणाली, "अरेरे! पुन्हा प्रयत्न करा."

"ही कोण मला शिकवणारी?" मावशी उसळल्या. "हिला म्हणावं, दहा किलो कांदा चिर आणि मग बोल."

पहिला आला गेटवरचा पहारेकरी. दिवसभर फोनवर खेळून त्याची बोटं वाऱ्यासारखी चालायची. तीन सुवर्णपदकं! छाती अशी फुगली की शर्टाचं बटण उडालं. बटणांच्याच कारखान्यात त्याची कुणाला फिकीर!

"शुक्रवारी गेटवर कोण बसणार पण?" कुणीतरी विचारलं.

"मी बसते," मावशी म्हणाल्या. आवाज शांत होता. त्यांना ओळखणाऱ्यांनी शुक्रवारी डबा आणायचं ठरवलं.

शुक्रवारी मावशी पहारेकऱ्याची टोपी घालून गेटवर बसल्या. आत त्यांच्या हाताखालच्या दोघी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. "सांगा वस्ताद, काय करायचं?"

वस्तादांनी पहिला बटाटा सोलायला चार मिनिटं घेतली. अर्धा बटाटा सालीबरोबर गेला. भाताला पाणी किती घालायचं ते दाखवणारी गेममधली हिरवी रेघ पातेल्यात कुठंच दिसेना. भाजीत मीठ त्यानं अंदाजानं टाकलं, मग टाकलं की नाही अशी शंका आली म्हणून पुन्हा टाकलं. साहेब चव बघायला आले, एक घास घेतला आणि मागच्या दारानं पाव आणायला पळाले.

इकडे गेटवर एक लांबलचक गाडी थांबली.

"पास?" मावशींनी विचारलं.

"मी हेड ऑफिसातून आलोय. मोठा अधिकारी आहे."

"बरं झालं आलात. पास?"

अधिकारी खिसे चाचपू लागले, तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि मावशी ताडकन उठल्या. "भात लागला! खालून लागलाय, वरून कच्चा आहे."

"इथून कळतं तुम्हाला?"

"वासावरनं कळतं." मावशींनी डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. "जरा गेट सांभाळा. पास नसेल तर कुणालाही आत सोडायचं नाही." आणि त्या धावल्या.

स्वयंपाकघरात पहारेकरी उपड्या क्रेटवर बसला होता. डोळ्यांत पाणी होतं, त्यातलं कांद्याचं किती आणि लाजेचं किती, देव जाणे.

"मावशी," तो रडवेला होऊन म्हणाला, "ते 'पुन्हा प्रयत्न करा'चं बटण इथं कुठं असतं?"

मावशी त्याला फैलावर घेणार होत्या, पण त्याच्या बोटांना चार ठिकाणी कापलेलं दिसलं. "ऊठ," त्या भाजी चाखून म्हणाल्या. "आधी हात धू, चिंधी बांध. मग बटाटे उकडायला टाक. भाजी खारट झालीय ना? वाढवू."

त्यांनी बुडाला धक्का न लावता वरचा भात अलगद दुसऱ्या पातेल्यात काढला, आधणाच्या पाण्याचा हबका मारला, झाकण ठेवलं. भाजीत बटाटे पडले, पाणी पडलं. मावशी सांगतील ते पहारेकरी निमूट करत होता.

साहेब पावाच्या दोन पिशव्या घेऊन पुढच्या गेटवर आले, तर टोपीवाला नवा माणूस आडवा आला. "पास?"

"मी इथला मॅनेजर आहे!"

"असाल. मी तर तुमचा साहेब आहे, पण मलाही सोडलं नाही."

जेवण पाऊण तास उशिरा झालं, पण कुणी उपाशी राहिलं नाही. अधिकाऱ्यांनी दोनदा भात मागून घेतला आणि टॅबलेट मॅनेजरसाहेबांच्या कपाटात ठेवायला सांगितला, कुलूप लावून.

पहारेकरी मात्र दुसऱ्या दिवशी ड्यूटीच्या अर्धा तास आधी स्वयंपाकघरात हजर. बोलावलं कुणी नव्हतं. चाकू घेऊन गुपचूप बटाट्यांच्या टोपलीपाशी बसला. मावशींनी तिरक्या नजरेनं पाहिलं. "साल पातळ काढ," एवढंच म्हणाल्या.

महिन्याभरानं एक बाई मावशींना शोधत आली. पहारेकऱ्याची बायको. चेहरा गंभीर.

"खरं सांगा मावशी, माझ्या नवऱ्याला काय झालंय? रोज संध्याकाळी भाजी करतो. चांगली करतो. वर भांडी घासून पालथी घालतो." तिचा आवाज खाली आला. "डॉक्टरला दाखवू का?"

"अजिबात नको," मावशी घाईघाईनं म्हणाल्या. "एखाद्या औषधानं बरा व्हायचा."